न दुखणारा पाय

मी तिची भावजय. त्यामुळे तिची स्तुती करायची मला सवय नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते. आमच्याकडे येणारे पेशंट मात्र तिला लिपस्टिकवाली ताई म्हणतात. आता गंमत बघा, या बाईने जन्मात ओठांना लिपस्टिक लावलेली नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही. फोटोत बाकीच्या बायका नटूनथटून उभ्या आहेत, आणि ही आपली नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखी.

ताई पाय बनवते. ज्यांचा पाय कापावा लागला त्यांच्यासाठी नवा पाय. इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मी, माझा फोन, फाइलींचं कपाट आणि चार खुर्च्या. मागच्या खोलीत ताई, प्लास्टरची पोती, भट्टी, कानशी, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेली पावलं, डावी एकीकडे, उजवी एकीकडे. पहिल्यांदा येणारा माणूस ती फळी बघून दचकतो. मी सांगते, बसा निवांत, त्यातलं एकही अजून पळून गेलेलं नाही.

लिपस्टिकचं प्रकरण असं आहे. उरलेला पाय ज्या वाटीत जाऊन बसतो तिला आम्ही सॉकेट म्हणतो. सगळा खेळ त्या सॉकेटचा. एका जागी केसभर जास्त दाबलं तरी माणसाच्या नाकी नऊ येतात. पण वाटीत नेमकं कुठे दाबतंय ते बाहेरून दिसणार कसं? म्हणून ताई विचारते, दुखतंय कुठे, बोट ठेवा. तिथे ती लिपस्टिकचा ठिपका लावते, पाय पुन्हा चढवायला लावते, चार पावलं चालवते, काढायला लावते. ठिपका सॉकेटच्या आतून उमटलेला असतो. तेवढीच जागा कानशीने घासायची. झालं काम. हिच्या एप्रनच्या खिशात कायम एक लालभडक कांडी असते. एकदा दुकानात मी बरोबर होते. दुकानातल्या मुलीने प्रेमाने विचारलं, तुम्हाला कुठली छटा आवडेल? ही म्हणते, छटा कुठलीही द्या, प्लास्टिकवर उमटते का तेवढं सांगा. मी दुसऱ्या कपाटाकडे निघून गेले, मला ही बाई ओळखीची नव्हतीच.

स्वभावाने तापट. कामाच्या बाबतीत तर विचारूच नका. तिचा एक नियम आहे आणि तो ती नव्या शिकाऊ डॉक्टरांनाही ऐकवते: "अजिबात दुखत नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. उरलेल्या पायावरचा मोजा काढायला लावायचा आणि डोळ्यांनी बघायचं." नव्या चपलेने टाच सोलते, मग अख्खा पाय नवा असल्यावर दुखणार नाही होय? पेशंटही काही कमी नाहीत म्हणा. सकाळी घट्ट होतो, संध्याकाळी सैल होतो, जिना चढताना टोचतो, उतरताना चावतो. दिवसभर ऐकून ऐकून माझे कान किटतात. मी कंटाळले तरी ती कंटाळत नाही. प्रत्येकाच्या फाइलीत 'तक्रार' नावाचा रकाना आहे, त्यात ती स्वतःच्या बारीक अक्षरात सगळं लिहिते.

आणि असा नियम असलेल्या बाईला आमच्या सरांनी गुंडाळलं.

सर म्हणजे पालीचे निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी बुद्धांच्या वचनांची ती भाषा शिकवली. वय सत्तर, साखरेचा आजार जुना, त्यापायी दोन वर्षांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. जुना पाय सैल झाला म्हणून आमच्याकडे नवा करायला आले. बोलणं असं की ऐकत राहावं. अजूनही दर रविवारी वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर फुकट वर्ग घेत. बत्तीस पायऱ्या. मोजून सांगायचे.

नवा पाय दिल्यावर पहिल्या तपासणीला ताईने विचारलं, कुठे दुखतंय? सर हसले. म्हणाले, कुठेच नाही. ताईने नियमाप्रमाणे मोजा काढून बघितलं. खरंच काही नव्हतं. मग सर म्हणाले की त्यांच्या पालीत दुक्ख हा शब्द आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा तो फार मोठा आहे. रडणं, आजारपण, मरण हे त्यात आहेच. पण सगळं छान चाललेलं असताना, पोट भरलेलं, माणसं जवळ, आणि तरी आत कुठेतरी बारीक टोचत असतं, तेही दुक्खच. आणि जे आज छान आहे ते उद्या तसं राहणार नाही, तेही.

ताई म्हणाली, मग तुमची पाली आमच्याच धंद्यातली दिसते. सकाळी बसलेलं सॉकेट संध्याकाळी बसत नाही. सर इतके खूश झाले की त्यांनी ते वर्गात सांगितलं म्हणे.

झालं! त्यानंतरच्या दोन्ही खेपांना सर आले की मागच्या खोलीत चहा आणि गप्पा. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा ताईला तक्रार न करणारा पेशंट भेटला होता. सर सांगायचे, वेदना येते आणि जाते, आपण फक्त बघत राहायचं, मागे धावायचं नाही, पळायचं नाही. रोज पहाटे तासभर डोळे मिटून बसायचा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. आता कशाचंच काही वाटत नाही, असं ते अगदी सहज सांगायचे. ताई ऐकत बसायची आणि मोजा काढायला लावायचं विसरायची. रकान्यात तिच्या अक्षरात नोंद आहे, ओळीने तीन वेळा: काही नाही, काही नाही, काही नाही.

इकडे पुढच्या खोलीत सरांच्या बायको बसलेल्या असत. मी त्यांना काकू म्हणायचे. गोल चेहरा, हसऱ्या, हातात सतत विणकाम. आणि विणायच्या काय, तर मोजा. एकच. एक झाला की दुसरा, तोही एकच. उरलेल्या पायावर लोकरीचा मोजा घालावा लागतो ना, म्हणून. पण मी या धंद्यात सात वर्षं आहे, मला मापं कळतात. काकूंचा मोजा हातभर लांब आणि टोकाला मांजराच्या शेपटीसारखा निमुळता. हा कुणाच्या पायात जाणार?

तिसऱ्या खेपेला त्यांनी सुया थांबवल्या आणि मला हळूच विचारलं, "टोकाला गोल असतो का गं? की चपटा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या हातातली फाइल हातातच राहिली. दोन वर्षांत काकूंनी तो पाय बघितला नव्हता. सर आंघोळ करून पाय चढवूनच बाहेर येत, रात्री दिवा मालवल्यावर काढत, खोलीला आतून कडी. काकू पलीकडच्या खोलीत झोपत. विणलेले मोजे सर नीट घडी करून कपाटात ठेवत आणि वर छान झालाय म्हणत. त्यांना लाज वाटत असेल, काकू म्हणाल्या, आणि मी विचारलं तर त्यांना वाईट वाटेल. असं दोघं एकमेकांना जपत दोन वर्षं एका घरात दोन खोल्यांत राहत होती. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी प्रिंटरला दोन चापट्या मारल्या.

चौथ्या खेपेला सर दारातून आत आले आणि ताईचं नाक आक्रसलं. वास. एवढ्याशा वासाने ती ओळखते. चहा राहू दे म्हणाली, मोजा काढा. मोज्याच्या मागच्या बाजूला पिवळट डाग होता. आणि पायाच्या मागे, जिथे माणसाची स्वतःची नजर पोहोचत नाही, तिथे रुपयाएवढी जखम. खोल. सर शांतपणे विचारत होते, काय झालं?

ताईने ड्रॉवरमधून नायलॉनचा तो जाड धागा काढला, चामडीला संवेदना आहे का बघायला असतो तो. डोळे मिटा म्हणाली, टोचलं की हो म्हणा. ती टोचत गेली. टोकाला, बाजूंना, मागे, अगदी जखमेच्या काठावर. मी दारात उभी होते. सर डोळे मिटून प्रसन्न चेहऱ्याने वाट बघत होते. धागा गुडघ्याजवळ पोहोचला तेव्हा ते म्हणाले, हो. आता सुरू केलंत का?

शेवटी ताईनेच सांगितलं, सरळ, तिला गोड करून बोलता येत नाही. गुडघ्याखाली तुम्हाला काही कळतच नाही सर. साखरेने नसा मेल्यात. म्हणून दुखत नाही.

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. पाय गेला तेव्हासुद्धा इतके खचले नसतील. बराच वेळ फळीवरच्या पावलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, मी दुःखाच्या पलीकडे गेलो. मी नुसता बधिर झालो होतो."

सर्जनबाईंनी जखम बघितली आणि मुदत घातली. सहा आठवडे पाय घालायचा नाही. जखम भरली तर गुडघा राहील. नाही भरली, वर सरकली, तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा असला की माणूस जिना चढतो. सत्तरीत गुडघा गेला की बहुतेक खुर्चीच. बत्तीस पायऱ्या तर विसराच.

त्या दिवशी ताई जेवली नाही. भांडीसुद्धा आपटली नाहीत, म्हणजे बघा. मी ताट घेऊन गेले तर फाइल उघडून बसलेली. म्हणाली, चूक माझी आहे. माझा नियम मीच मोडला. इतरांची कटकट ऐकून दमले होते आणि हा माणूस गोड बोलत होता, म्हणून मी बघितलंच नाही. मी तिची भावजय, एरवी अशी संधी सोडली नसती. पण त्या दिवशी मी तिच्या ताटात पोळी वाढली.

आता जखम रोज सकाळ-संध्याकाळ धुवायची, औषध लावायचं आणि मुख्य म्हणजे बघायची. कुणीतरी. ताईने विचारलं, घरी कोण बघेल? सर म्हणाले, मीच, आरसा धरून. डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापरे, आणि हे आरशात पाठीमागची जखम बघणार! काकूंना दाखवा म्हटलं तर सरांनी असा काही नकार दिला की त्यांच्यातला मास्तर जागा झाला. विषय बंद.

आठवड्याने जखम तेवढीच. पंधरवड्याने थोडी मोठी. औषध अर्धं जखमेवर आणि अर्धं चादरीला लागत असणार. ताईचा तिळपापड होत होता, पण ती सरांवर ओरडू शकत नव्हती. चूक तिचीही होती.

शेवटी माझ्याच्याने राहवेना. माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे सासरी सगळ्यांना माहीत आहे. पण एवढे दिवस टिकवली होती, हेही लिहून ठेवा. मी काकूंच्या पिशवीतला तो हातभर लांब मोजा उचलला, मागच्या खोलीत गेले आणि सरांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "सर, हा कुणाचा पाय आहे सांगा. काकू दोन वर्षं अंदाजाने विणतायत. टोक गोल की चपटं ते मला विचारतात. मला, तिऱ्हाईत बाईला."

ताईने माझ्याकडे बघितलं. आता मार बसणार, असं मला वाटलं. पण ती स्टूल ओढून सरांसमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "सर, दुःखाचं काय करायचं असं शिकवलंय तुमच्या बुद्धांनी? लपवायचं?"

सर मोजा हातात घेऊन बसले. त्याच्या निमुळत्या टोकावरून बोट फिरवत राहिले. मग वर्गात सांगावं तसं, पण अगदी बारीक आवाजात म्हणाले की नाही, जाणून घ्यायचं. पहिलं काम तेच. दुःख पूर्ण जाणून घ्यायचं, मग पुढचं सगळं. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि ताईला म्हणाले, तिला आत बोलवा.

काकू आत आल्या. विणकाम कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते मी घेतलं. ताईने पट्टी सोडली. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. आता रडतील, आता पडतील, मी पाण्याचा ग्लाससुद्धा धरला होता. काकू खाली वाकल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, नीट बघितलं.

"गोल आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोन्ही तळव्यांत तो पाय धरला. सरांनी मान फिरवली. त्या भागात त्यांना काही कळत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. तरी ते म्हणाले, "तुझे हात गार असतील." काकू म्हणाल्या, असतात नेहमीच, तुम्हाला कुठे आठवणार, दोन वर्षं झाली. सर म्हणाले, "माझं चुकलं गं. तुला किळस येईल असं वाटायचं. ती भीती रोज होती. ती मात्र दुखायची." काकूंनी ताईला विचारलं, औषध आधी लावायचं की पावडर?

त्यानंतर त्या बाईने घराचा ताबाच घेतला. सरांच्या दारावरची कडी काढून टाकली. जखमेचं माप रोज वहीत लिहायच्या आणि मला फोनवर सांगायच्या, जणू मी सर्जन आहे. आज शेंगदाण्याएवढी, आज मसुराएवढी. एकदा म्हणाल्या, कडेला लाल वाटतंय, आणि ताई एप्रनसकट रिक्षात बसून त्यांच्या घरी पोहोचली. तसं काही नव्हतं, पण खात्री करून आली. त्या सहा आठवड्यांत तिने एकाही पेशंटचा मोजा काढायचा सोडला नाही. एक आजोबा नुसते पत्ता विचारायला आले होते, त्यांनाही ती बसा आणि मोजा काढा म्हणाली.

सहाव्या आठवड्याला सर्जनबाईंनी बघितलं, दाबून बघितलं, उजेडात धरून बघितलं. म्हणाल्या, भरली. गुडघा राहील. काकू मटकन खाली बसल्या. तो ग्लास शेवटी तेव्हा कामाला आला.

नवं सॉकेट झालं त्या दिवशी मागच्या खोलीत आम्ही चौघं. सरांना कुठे दाबतंय ते सांगता येणार नाही, तर मग बघायचं कसं? ताईने उलटी युक्ती केली. सॉकेटच्या आतून सगळीकडे लिपस्टिक फासली आणि दुसरी कांडी काकूंच्या हातात दिली, दर फेरीला पुन्हा फासायला. पाय चढवला, सर आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून चालले, पाय काढला. सॉकेटमधला रंग जिथे जास्त चोळला गेला होता तिथे काकूंनी बोट ठेवायचं आणि ताईने घासायचं. इथे, काकू म्हणायच्या, आणि इथे. चार फेऱ्यांत काकूंचे हात कोपरापर्यंत लाल. ही छटा फारच भडक आहे म्हणाल्या, पुढच्या वेळी मी आणते. सर हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग काकूंनी पिशवीतून नवा मोजा काढला. मऊ, करड्या रंगाचा, टोकाला गोल, वीतभर लांब. टेप लावून माप घेतलेला. त्यांनी तो स्वतः चढवला, सुरकुती राहू न देता, गुडघ्यापर्यंत. अगदी बेतलेला बसला. त्यावर नवा पाय. सर उभे राहिले, खोलीच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

ताई फाइल उघडून पेन घेऊन बसली. तिने विचारलं, काही तक्रार? मी बघत होते. तिने मान वर केली नव्हती. सरांनी एक पाऊल टाकलं, थांबले, गुडघ्याजवळ, मोज्याच्या वरच्या कडेला, जिथे त्यांना अजून कळतं, तिथे बोट घातलं.

"लोकर टोचते," ते म्हणाले.

काकूंच्या तोंडावर जे पसरलं ते काय सांगू! त्या लगेच वाकून काठ चाचपू लागल्या, कुठे, इथे का, की जरा मागे? सर म्हणाले, जरा मागे. हो, तिथेच.

ताईने रकान्यात लिहिलं. त्या तीन ओळींच्या खाली, त्याच बारीक अक्षरात: लोकर टोचते. मग तिने पेन बंद केलं आणि भट्टीत काहीतरी राहिलंय म्हणत आमच्याकडे पाठ केली. भट्टी बंद होती. मी भावजय, मला ते दिसलं. मी फाइल उचलली आणि कपाटात ठेवायला पुढच्या खोलीत गेले.